ब्राउझर हँग झाला की फॉरमॅट मारायच्या आधी 'कमिटेड'चा आकडा बघा

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पुरवणीत कॉम्प्युटर हँग होत असेल तर काय करावं याच्या टिपांची चौकट आली होती. चौकट छोटीच होती पण अशा चौकटी लोक कापून मॉनिटरच्या बाजूला चिकटवतात, व्हॉट्सॲपवर फोटो काढून फिरवतात, म्हणून हे पत्र लिहितेय. जास्त टॅब उघडू नका, कॅशे साफ करा वगैरे ठीक आहे, त्याने मोठं नुकसान तरी काही होत नाही. पण एसएसडी म्हणजे न फिरणारी नवी डिस्क असेल तर व्हर्च्युअल मेमरी (रॅम कमी पडली की डिस्कवरची एक फाइल मेमरीसारखी वापरायची सोय, त्या फाइलला पेजिंग फाइल किंवा पेजफाइल म्हणतात) बंद करा, 'नो पेजिंग फाइल' निवडा, ब्राउझर फास्ट होतो आणि एसएसडी जास्त टिकते, ही जी टीप आहे ना ती कृपा करून मागे घ्या. चार जीबी रॅमच्या मशीनवर ही सेटिंग केली की ब्राउझर फास्ट होत नाही, उलट अर्धा फॉर्म भरून झाल्यावर टॅब मरतो, आणि शाळांत, सेतू केंद्रांत, लोकांच्या घरी अजून चार जीबीची मशीन भरपूर आहेत.

मी तालुक्याच्या गावी एका कॉलेजची कॉम्प्युटर लॅब सांभाळते आणि संध्याकाळी ओळखीपाळखीच्यांची मशीन बघून देते. जून-जुलै आला की ॲडमिशन, स्कॉलरशिप, पीकविमा सगळं एकदम अंगावर येतं आणि तेव्हा फोन येतात ते सगळे सारखेच, ताई ब्राउझर गोठलाय, माउस हलतोय पण पान हलत नाही. मशीन दुकानात नेलं की दोनच उत्तरं मिळतात, फॉरमॅट मारावा लागेल नाहीतर रॅम टाकावी लागेल. रॅम कधीकधी खरंच टाकावी लागते, ते मी नाकारत नाही, पण बघितल्याशिवाय कसं ठरवायचं? आणि बघायला दोन मिनिटं लागतात, ना पैसे लागतात ना कोणतं सॉफ्टवेअर.

मुळात होतं काय ते आधी सांगते. विंडोज प्रोग्रामला मेमरी देताना रॅममध्ये आत्ता जागा मोकळी आहे का एवढंच बघत नाही. प्रोग्राम म्हणतो मला एवढी मेमरी लागणार, विंडोज त्याला शब्द देतं, आणि तो शब्द पाळता येईल एवढी जागा रॅम आणि पेजफाइल मिळून आहे की नाही हे शब्द द्यायच्या आधीच तपासतं. या दोन्हींची बेरीज म्हणजे कमिट लिमिट. मंगल कार्यालयाच्या बुकिंगसारखंच आहे हे, तारीख एकदा बुक झाली की हॉल रिकामा दिसत असला तरी दुसऱ्याला मिळत नाही. ब्राउझर, अँटिव्हायरस, ग्राफिक्सचा ड्रायव्हर हे सगळे गरजेपेक्षा जास्त बुक करून ठेवतात आणि त्यातलं बरंच वापरतही नाहीत, त्यामुळे रॅम मोकळी असूनसुद्धा लिमिट संपू शकतं. आणि संपलं की पुढची मागणी विंडोज सरळ नाकारतं, जो त्या क्षणी मागायला जाईल त्याला नकार, आणि सारखं मागत राहणारा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक कोण तर ब्राउझर. मग पान पांढरं पडतं, किंवा काळी खिडकी, किंवा क्रोमचं ते 'ऑ, स्नॅप' आणि खाली आउट ऑफ मेमरी. लोक म्हणतात ब्राउझर खराब झाला, काढून परत टाका. परत टाकलेला ब्राउझरही त्याच लिमिटला जाऊन धडकतो.

आता पेजफाइल बंद करणं म्हणजे या बेरजेतला दुसरा आकडा शून्य करणं. हिशोब करून बघा. चार जीबी रॅम, त्यातली थोडी ऑनबोर्ड ग्राफिक्सने घेतली, उरली समजा ३.८. पेजफाइल नाही म्हणजे लिमिटही ३.८. विंडोज १० किंवा ११ चालू होऊन अँटिव्हायरस, प्रिंटरचं काय काय, अपडेटर हे सगळं उठेपर्यंत अडीच-तीन जीबी बुक झालेली असते, मग ब्राउझरला राहिलं काय? तेच पेजफाइल विंडोजच्या हातात ठेवली तर ती रॅमच्या तिप्पट किंवा चार जीबी, यात जे जास्त असेल तिथपर्यंत वाढू शकते, फक्त ड्राइव्हच्या एकूण साइझच्या आठव्या हिश्शाच्या आत. म्हणजे सी ड्राइव्ह शंभर जीबीच्या आसपास असेल आणि त्यात जागा मोकळी असेल तर चार जीबीच्या मशीनला बारा जीबीपर्यंत पेजफाइल मिळते आणि लिमिट पंधरा-सोळाच्या घरात जातं. एकीकडे ३.८ आणि एकीकडे पंधरा, आणि मधे फरक फक्त एका टिकमार्कचा.

बघायचं कुठे ते लिहिते, हे जरा मोठ्या अक्षरात छापलंत तर बरं होईल. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडतो. परफॉर्मन्स, मग मेमरी. सगळे रॅमचा मोठा ग्राफ बघतात, पण तुम्ही खाली बघा, 'कमिटेड' असं लिहिलेलं असतं आणि त्याच्याखाली तिरप्या रेघेने तोडलेले दोन आकडे असतात, म्हणजे समजा ४.४/४.६ जीबी. पहिला म्हणजे बुक झालेली मेमरी, दुसरा म्हणजे लिमिट. ब्राउझर गोठतो त्या वेळी पहिला दुसऱ्याला जाऊन भिडला असेल तर रोग सापडला. मग स्टार्टमध्ये 'परफॉर्मन्स' टाइप करा, 'ॲडजस्ट द अपिअरन्स अँड परफॉर्मन्स ऑफ विंडोज' असं येतं ते उघडा, त्यात ॲडव्हान्स्ड, तिथे व्हर्च्युअल मेमरीखाली 'चेंज'चं बटण, आणि सगळ्यात वर 'ऑटोमॅटिकली मॅनेज पेजिंग फाइल साइझ फॉर ऑल ड्राइव्ह्ज' याच्यावर टिक करायची, ओके म्हणायचं, मशीन रीस्टार्ट करायचं. सी ड्राइव्ह ठासून भरलेला असेल तर टिक करून काही उपयोग नाही कारण फाइल वाढायला जागाच नसते, आधी डाउनलोड फोल्डरमधले जुने व्हिडिओ काढा, नाहीतर दुसरा ड्राइव्ह असेल तर वरची टिक काढून तिथे 'सिस्टीम मॅनेज्ड साइझ' द्या. कितीतरी मशीनवर मला इथे कोणीतरी हाताने टाकलेले आठशे, हजार एमबी असे आकडे सापडतात, कोणत्यातरी दुकानात जागा वाचवायला म्हणून टाकलेले, आणि मालकाला याचा पत्ताही नसतो.

हे नुसतं माझं मत नाही, फायरफॉक्सवाल्यांनी याच गोष्टीवर काम केलंय. विंडोजवर फायरफॉक्स मेमरी संपून क्रॅश होण्याच्या केसेस त्यांनी तपासल्या तेव्हा दिसलं की पुष्कळ वेळा रॅम शिल्लक असायची आणि संपलेली असायची ती कमिट स्पेस. विंडोज स्वतः पेजफाइल वाढवू शकतं पण त्याला थोडा वेळ लागतो, आणि तेवढ्यात ब्राउझरला नकार मिळून तो पडायचा. मग त्यांनी काय केलं तर नकार आला की लगेच हार मानायची नाही, क्षणभर थांबायचं आणि परत मागायचं. २०२२ मध्ये १०५ व्या व्हर्जनपासून हे आलं आणि मुख्य प्रोसेस, म्हणजे ब्राउझरचा स्वतःचा चालू प्रोग्राम, मेमरीअभावी क्रॅश होण्याचा त्रास होणारे लोक ७० टक्क्यांहून जास्त कमी झाले असं त्यांनी स्वतः जाहीर केलं. किती साधी आणि किती हुशारीची गोष्ट आहे ही! पण ती चालते कशावर तर पेजफाइल वाढू शकते यावर. तुमच्या चौकटीतली टीप ऐकून पेजफाइल बंद केली की ब्राउझर कितीही थांबला तरी वाढणार काय? इंजिनिअर लोकांनी मेहनतीने काढलेला उपाय आपण एका क्लिकने निकामी करतो.

राहिला एसएसडीच्या आयुष्याचा मुद्दा. २४०-२५० जीबीच्या साध्या एसएसडीला कंपन्या सहसा ऐंशी ते दीडशे टेराबाइट लिहिण्याची मर्यादा देतात. कमीतला आकडा धरू, ऐंशी. रोज वीस जीबी लिहिलं असं धरलं, जे घरगुती वापराला भरपूर झालं, तरी चार हजार दिवस, म्हणजे जवळजवळ अकरा वर्षं. त्याआधी लॅपटॉपची बॅटरी जाईल, बिजागरी तुटेल, पण पेजफाइलमुळे एसएसडी संपली म्हणून आलेलं मशीन माझ्या बघण्यात नाही.

असाच गैरसमज रॅम बूस्टर नावाच्या सॉफ्टवेअरचा आहे. बटण दाबलं की एक जीबी रॅम मोकळी झाली असं दाखवतं, लोकांना बरं वाटतं. ते करतं काय तर चालू प्रोग्रामची पानं, म्हणजे वेबपानं नव्हे तर मेमरीचे छोटे तुकडे, रॅममधून बाहेर ढकलतं. बुकिंग तेवढंच राहतं, कमिटेडचा आकडा जागचा हलत नाही, आणि पुढच्या मिनिटाला ब्राउझरला तीच पानं परत लागली की डिस्कवरून आणावी लागतात, म्हणजे आधीपेक्षा स्लो. कॅशे साफ करण्याचंही तसंच, कॅशे मुख्यतः डिस्कवर असते, ती उडवून डिस्कमध्ये जागा होईल, गोठणं थांबणार नाही, उलट प्रत्येक साइट पुन्हा पहिल्यापासून डाउनलोड होईल आणि आपल्याकडचं नेट बघता ते परवडत नाही.

आता एक गोष्ट जी मला सगळ्यात उपयोगाची वाटते आणि फार कमी लोक वापरतात. ब्राउझर काल गोठला होता, आज मशीन आणलंय आणि आज सगळं छान चाललंय, असं नेहमी होतं. अशा वेळी इव्हेंट व्ह्यूअर उघडायचा, विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टीम, आणि २००४ नंबरचा इव्हेंट शोधायचा ज्याच्या नावात 'रिसोर्स एक्झॉशन डिटेक्टर' असं असतं. व्हर्च्युअल मेमरी संपत आली होती हे विंडोजने तिथे तारीख-वेळेसकट लिहून ठेवलेलं असतं, आणि त्याच्या खाली त्या क्षणी सगळ्यात जास्त मेमरी कोणी घेतली होती त्या प्रोग्रामची नावं आणि आकडे. एका सेतू केंद्राच्या मशीनवर रोज दुपारी ब्राउझर मरायचा, दोनदा फॉरमॅट झालेला, ब्राउझर बदलून बघितलेला, आणि २००४ च्या नोंदीत पहिलं नाव निघालं प्रिंटरसोबत आलेल्या एका छोट्या प्रोग्रामचं. तो सकाळपासून हळूहळू मेमरी मागत जायचा आणि परत देतच नव्हता. प्रत्येक फॉरमॅटनंतर प्रिंटरची सीडी परत टाकली जायची, त्यामुळे रोग परत यायचा. टास्क मॅनेजरच्या पहिल्या पानावर तो दिसायचा नाही कारण तिथला मेमरीचा कॉलम फक्त रॅममधलं दाखवतो आणि याची पानं तर डिस्कवर जाऊन पडलेली असायची. म्हणून डिटेल्समध्ये जाऊन कॉलमच्या नावांवर राइट क्लिक करून 'कमिट साइझ' हा कॉलम जोडायचा आणि त्याच्यावर क्लिक करून मोठे आकडे वर आणायचे, चोर लपूच शकत नाही.

गोठण्याचं कारण दर वेळी लिमिटच असतं असं मी म्हणत नाही, आणि म्हणूनच बघणं महत्त्वाचं. कमिटेड लिमिटपासून लांब आहे पण टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत शंभर टक्के दिसतेय आणि हार्डडिस्क जुनी फिरणारी, तर प्रकार वेगळा, रॅम खरंच अपुरी पडतेय आणि पानांची सारखी ने-आण चाललीये. याला थ्रॅशिंग म्हणतात आणि ते का होतं हे पीटर डेनिंग या कॉम्प्युटर शास्त्रज्ञांनी १९६८ मध्येच लिहून ठेवलंय, म्हणजे व्हर्च्युअल मेमरी मँचेस्टरच्या ॲटलस कॉम्प्युटरवर १९६२ मध्ये आली त्यानंतर सहाच वर्षांत. फिरणारी डिस्क सेकंदाला इकडून तिकडून साधारण शंभर वेळा वाचू शकते, एक पान चार केबीचं, म्हणजे अगदी वाईट परिस्थितीत सेकंदाला चारशे केबी, मग दोनशे एमबी परत आणायला आठ-नऊ मिनिटं लागली तर नवल काय. अशा मशीनला रॅम आणि एसएसडी दोन्हीचा खरा फायदा होतो, तिथे खुशाल पैसे घाला. आणि डिस्कही शांत, कमिटेडही कमी, पण सीपीयू चढलेला आणि एकच टॅब अडकलेला, तर तो त्या वेबसाइटच्या स्क्रिप्टचा दोष आहे, मेमरीचा संबंध नाही. क्रोममध्ये शिफ्ट एस्केप दाबलं की ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर येतो, फायरफॉक्समध्ये ॲड्रेस बारमध्ये अबाउट कोलन प्रोसेसेस, तिथे कोणता टॅब ते कळतं आणि तेवढाच बंद करता येतो, बाकीचे फॉर्म वाचतात.

रॅम टाकायच्या आधी अजून एक बघाच, विंडोज ३२ बिट आहे का ६४. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, अबाउट, सिस्टीम टाइप. जुन्या मशीनवर ३२ बिट विंडोज १० अजूनही सापडतं आणि त्याला चार जीबीच्या वरची रॅम वापरताच येत नाही, प्रत्यक्षात तर साडेतीनच्या आसपासच हाती लागते. शिवाय ३२ बिट प्रोग्रामला स्वतःची पत्त्यांची जागा, म्हणजे तो जास्तीत जास्त जेवढ्या मेमरीपर्यंत पोहोचू शकतो ती हद्द, मिळते ती साधारणपणे दोन जीबी. तिथे आठ जीबीची स्टिक विकणं म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे पाण्यात, आणि हे होतं, मी बघितलंय. ब्राउझरसुद्धा ३२ बिटचा टाकलेला असू शकतो, क्रोममध्ये अबाउट क्रोम उघडलं की व्हर्जनच्या पुढे कंसात लिहिलेलं असतं. ६४ बिट विंडोजवर ३२ बिट क्रोम चालवायचं काही कारण नाही, ६४ बिट क्रोम २०१४ पासून मिळतंय.

ब्राउझर एवढी मेमरी खातात कशाला, असं सगळे चिडून विचारतात. एक मोठं कारण सुरक्षितता आहे. क्रोम २००८ मध्ये आला तोच वेगवेगळ्या टॅबला वेगवेगळ्या प्रोसेस देत, म्हणजे एक पडला तर सगळे पडू नयेत, आणि २०१८ मध्ये स्पेक्टर नावाची प्रोसेसरमधली त्रुटी बाहेर आल्यावर प्रत्येक साइटला वेगळी प्रोसेस द्यायला सुरुवात झाली, त्याने मेमरी दहा-तेरा टक्के वाढते असं गूगलने तेव्हाच सांगितलं होतं. हे बंद करायच्या युक्त्या फिरतात, त्या करू नका. ज्या ब्राउझरमध्ये बँक उघडता त्याच ब्राउझरमध्ये शेजारी कुठलीतरी फुकट फोटो कापायची साइट उघडी असते, त्या दोघांमध्ये भिंत पाहिजेच.

फोटोवरून आठवलं, फॉर्म भरणाऱ्यांसाठी हे फार कामाचं आहे. मोबाइलने काढलेला बारा मेगापिक्सेलचा फोटो फाइल म्हणून तीन-चार एमबीचा दिसतो, पण ब्राउझरने तो उघडला की प्रत्येक पिक्सेलला चार बाइट, म्हणजे ४८ एमबी मेमरी. आधार, टीसी, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड पुढून मागून, गुणपत्रिका असे दहा फोटो ऑनलाइन कापायला, पीडीएफ करायला एकाच टॅबमध्ये घेतले की अर्धा जीबी तिथेच. त्यातून व्हॉट्सॲप वेब उघडंच असतं. म्हणून फोटो मोबाइलवरच कापून लहान करून घ्या, किंवा विंडोजच्या पेंटमध्ये रीसाइझ करा आणि मग ब्राउझर उघडा. चार जीबीच्या मशीनवर एवढ्या एका सवयीने फॉर्म वाचलेले मी बघितलेत.

पडून असलेले टॅब झोपवायची सोय आता सगळीकडे आहे, क्रोममध्ये सेटिंग्जच्या परफॉर्मन्समध्ये मेमरी सेव्हर, एजमध्ये स्लीपिंग टॅब्ज, फायरफॉक्स तर ९३ व्या व्हर्जनपासून विंडोजवर मेमरी अगदी कमी पडली की आपणहून टॅब उतरवतो. जरूर वापरा. पण झोपवलेला टॅब परत उघडला की पान नव्याने लोड होऊ शकतं, क्रोम अर्धवट भरलेला फॉर्म सहसा सोडून देतो तरी भरवसा नको, पोर्टलचा पत्ता 'ऑलवेज कीप दीज साइट्स ॲक्टिव्ह'मध्ये टाकून ठेवा.

आमच्या लॅबमध्ये अर्धी मशीन उबंटूवर आहेत म्हणून लिनक्सबद्दलही थोडं लिहिते, कारण तिथे चूक उलट्या बाजूने होते. मुलांचे सी प्रोग्राम बेफाम मेमरी खाऊ नयेत म्हणून बऱ्याच लॅबमध्ये यूलिमिट या कमांडने व्हर्च्युअल मेमरीवर दोन-तीन जीबीची मर्यादा घालतात, आणि मग ब्राउझर उघडतच नाही किंवा उघडून लगेच पडतो. याचं कारण असं की आजचे ब्राउझर पत्त्यांची जागा प्रचंड प्रमाणात राखून ठेवतात आणि त्यातली अगदी थोडी वापरतात. टॉप कमांडमध्ये क्रोमसमोर व्हर्टच्या कॉलममध्ये एक टेराबाइटहून जास्त दिसतं ते बघून नवीन लॅब असिस्टंट घाबरतात, पण घाबरायचं काही नाही, क्रोमच्या जावास्क्रिप्ट इंजिनने सुरक्षेसाठी राखलेला तो नुसता पत्त्यांचा पट्टा असतो, रॅम नव्हे. खरी रॅम बघायची ती रेसच्या कॉलममध्ये. म्हणून व्हर्च्युअलवर मर्यादा घालू नका, सिस्टमडी (लिनक्समध्ये सेवा आणि प्रोग्राम सांभाळणारी यंत्रणा) मधून मेमरीमॅक्स ही मर्यादा लावा, ती खऱ्या वापरावर चालते आणि मुलांच्या प्रोग्रामपुरती लावता येते. आणि उबंटू २२.०४ मध्ये न विचारता ब्राउझर एकदम गायब होतो अशी तक्रार असेल तर तिथे सिस्टमडी-ओओएमडी बाय डिफॉल्ट चालू असतं, मेमरीचा ताण वाढला की तेच ब्राउझर मारतं, जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमडीच्या नोंदवहीत, नोंद सापडते. स्वॅप, म्हणजे लिनक्सची पेजफाइल, किती आहे ते बघा, नवीन इन्स्टॉल करताना अनेकदा ते फारच लहान राहिलेलं असतं, ते वाढवलं की पुष्कळ फरक पडतो.

आता आपल्याकडे आणि आपल्यामार्फत इतरांकडे मागणी. शाळा, ग्रामपंचायती, केंद्रं यांच्यासाठी जे मशीन खरेदीचे कागद करतात त्यांनी चार जीबी ही ओळ आता खोडून आठ करावी. विंडोज ११ ला किमान चार जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज लागतं असं मायक्रोसॉफ्ट म्हणतं, पण किमान म्हणजे विंडोज चालू होण्यापुरतं, त्यावर ब्राउझरमध्ये दिवसभर फॉर्म भरणं यात धरलेलं नाही, आणि ६४ जीबीच्या स्टोरेजमध्ये विंडोज आणि अपडेट बसल्यावर पेजफाइल वाढायला जागा तरी कुठे राहते? सरकारी पोर्टल बनवणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे की फॉर्मचं प्रत्येक पान भरलं की ते सर्व्हरवर सेव्ह करा. टॅब मरणं आपण पूर्णपणे टाळू शकत नाही, पण टॅब मेला म्हणून शेतकऱ्याला किंवा एखाद्या मुलीला पहिल्या पानापासून सगळं परत भरायला लावणं टाळता येतं, आणि शेवटच्या तारखेच्या संध्याकाळी रांगेत उभ्या असलेल्या माणसासाठी हा फार मोठा फरक आहे.

दुरुस्तीवाल्या बंधूंशी माझं भांडण नाही, सीझनमध्ये त्यांच्याकडे श्वास घ्यायला वेळ नसतो हे मला माहितीये. पण गिऱ्हाइकाने मशीन नेताना तीन गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात, गोठला तेव्हा कमिटेडचे दोन आकडे काय होते, डिस्क किती टक्के होती, आणि २००४ च्या नोंदीत पहिलं नाव कोणाचं होतं. मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढला तरी चालेल. एवढं हातात असलं की दुकानदाराचाही वेळ वाचतो आणि फॉरमॅटमध्ये लोकांचे फोटो, कागदपत्रं उडतात ते वाचतं.

ती पेजिंग फाइलची टीप मागे घेतल्याची दुरुस्ती त्याच पुरवणीत, त्याच जागी, चौकटीतच छापावी ही विनंती. ज्यांनी ती सेटिंग आधीच करून टाकलीये त्यांच्यासाठी वर दिलेला टिकमार्कचा रस्ता पण सोबत द्यावा, आणि शक्य झालं तर ॲडमिशनचे फॉर्म सुरू व्हायच्या आत.

कळावे,
आपली एक नियमित वाचक,
चाळीसगाव, जि. जळगाव